अण्णा, कौलं कुणी बसवली ते कळलं

अण्णा, तुम्ही जाऊन आज बावीस दिवस झाले, आणि हे सगळं ज्याला सांगायचं तो माणूसच नाही म्हणून मी आठवडाभर घरात येरझाऱ्या घालतोय. फोन हातात घेतो, तुमचं नाव काढतो आणि मग आठवतं. परवा तर लावलाही. वहिनींनी उचलला, "व्हय, बोला परशराम," म्हणाल्या, आणि मी फोन ठेवून दिला. शेवटी कागद घेऊन बसलो. तुमचे गुण सांगायला नाही बसलेलो. ते चर्चच्या पाळकसाहेबांनी सांगितले, बस डेपोतल्या लोकांनीही सांगितले. मला तुम्हाला एक बातमी द्यायची आहे आणि एक भांडण करायचं आहे. बातमी आधी सांगायला हवी, पण भांडण गेली तीस वर्षं पोटात आहे, म्हणून तेच आधी तोंडावर येतं. तुम्ही अख्ख्या चिकोडी तालुक्याला येशूच्या तारणाचा निरोप दिलात. तुमच्या मागे दोन हातांच्या अंतरावर पेटी घेऊन मी बसलेलो असायचो. मला एकदाही विचारलं नाहीत, परशराम, तुला हवं का.

आपली पहिली भेट तुमच्याच गाडीत झाली. तुम्ही बेळगाव-निपाणी गाडीवर कंडक्टर. मी कंग्राळीच्या भजनी मंडळाचा, मांडीवर पेटी घेऊन खिडकीशी बसलेला. संकेश्वरला आमचं भजन होतं. तुम्ही तिकीट फाडून दिलंत, पण पुढे गेला नाहीत. "पेटी वाजवतंय कोण?" म्हणालात. मी म्हणालो, मीच. "मग दाव की रं एक सूर." चालत्या गाडीत, यमकनमर्डीच्या अलीकडे, मी भाता सोडला आणि दोन ओळी वाजवल्या. मागच्या बाकावरच्या बायका बोलायच्या थांबल्या. संकेश्वरला उतरताना तुम्ही हळूच म्हणालात, "आमच्या कीर्तनाला पेटीवाला न्हाय. येशू ख्रिस्ताचं कीर्तन हाय, आधीच सांगतो. घरात इचार, मंडळात इचार, आणि पटलं तरच ये." घरात कुणी नको म्हटलं नाही. मंडळातले म्हणाले, गुरुवार सोडून कुठंही जा. झालं, मी आलो, आणि तेव्हापासून तुमचा पेटीवाला झालो.

काय दिवस होते, अण्णा. खाकी उतरवून तुम्ही पांढरा अंगरखा घालायचात, फेटा बांधायचात, गळ्यात उपरणं टाकायचात, आणि तिकिटं मोजणारा माणूस बघता बघता कीर्तनकार व्हायचा. नाताळाच्या पुढे-मागे आणि उन्हाळ्यात, कुणी बोलावलं की आपण निघायचो. कुणाच्या अंगणात सतरंजी, कुठे तंबाखूच्या वखारीसमोरची मोकळी जागा. साकी, दिंडी, ओवी सगळं तुमच्या गळ्यात होतं. समोर कानडी बायका जास्त दिसल्या की तुम्ही गोष्ट मध्येच कानडीत नेऊन पुन्हा मराठीत आणायचात, आणि मला सूर सांभाळत तुमच्या मागे धावावं लागायचं. तुमचा भाचा दानिएल तबल्यावर. तो घामाघूम, मी घामाघूम, आणि तुम्ही मात्र आत्ताच अंघोळ करून आल्यासारखे ताजे.

आणि तुमची ती लाडकी गोष्ट. चार दोस्त आपल्या लुळ्या पडलेल्या सोबत्याला बाजेवर घालून येशूकडे घेऊन येतात. घरात ही गर्दी, दारातून मुंगी शिरायची नाही. मग चौघं छपरावर चढतात, छप्पर उसकटतात आणि विहिरीचा नाडा बांधून बाज खाली सोडतात, थेट येशूच्या पायाशी. तुम्ही ते छप्पर आपल्याकडचं करून टाकलं होतंत, मंगळुरी कौलांचं. एकेक कौल काढायचा अभिनय असा करायचात की पुढच्या रांगेतली पोरं वर बघायची. आणि मग तुमचा आवाज खाली यायचा. माणूस आला होता पायांसाठी, पण येशूने पायांचं नावच काढलं नाही. आधी म्हणाला, तुझ्या पापांची क्षमा झाली. "पाय मागनं," तुम्ही म्हणायचात. "आधी आतलं वझं खाली ठेव. हेच तारण, मंडळी. हे इकत मिळत न्हाय आणि कमवता बी येत न्हाय."

मी कौलारू घरात जन्मलो. पहिल्यांदा ऐकलं तेव्हाच परतीच्या वाटेवर तुम्हाला विचारलं होतं, "अण्णा, ती कौलं परत कुणी बसवली?" तुम्ही हसलात. मी हसलो नाही. घरवाल्याचं काय, त्याच्या डोक्यावर आभाळ दिसतंय, पावसाळ्याला तो काय करणार? तुम्ही म्हणालात, "माणूस उठून चालाय लागला, आणि तुला कौलांची पडलीया." मी म्हणालो, मला पडणारच, आमच्याकडे माकडं येऊन गेली की दोन दिवस तेच काम असतं. मग तो आपला नेहमीचा वाद झाला. गोष्ट संपायची, लोक पाणावल्या डोळ्यांनी उठायचे, आणि मी पेटीचा भाता बांधता बांधता तुमच्याकडे बघायचो. "इचारू नगंस," तुम्ही म्हणायचात. मी विचारायचोच. एकदा तुम्ही सांगितलंत, चार दोस्तांनी बसवली. मी म्हणालो, ते तर आनंदाने नाचत गेले असणार, त्यांना कुठलं भान. एकदा म्हणालात, येशू सुताराघरचा, त्यानेच बसवली असतील. ते मला जवळजवळ पटलं होतं, पण तुमच्याच चेहऱ्यावर ते पटल्यासारखं दिसेना.

आणि ते चिकोडीकडचं गाव आठवतं का? आपण अर्ध्यावर असताना दहा-बारा तरुण आले आणि म्हणाले, हे बंद करा, आमच्या गावात हे नको. तुम्ही चिपळ्या खाली ठेवल्या. "ज्यांनी बोलावलं त्यांचं अंगण हाय, पण गाव तुमचं बी हाय. तुमची मर्जी," म्हणालात आणि फेटा सोडायला लागलात. भांडलो तो मी. मी, कंग्राळीचा, कपाळाला बुक्का लावलेला, तुमच्या येशूच्या बाजूने तावातावाने भांडलो. तो पुढारी बिचारा गोंधळला, "तुमी त्यांच्यातलं का आमच्यातलं?" म्हणाला. तुम्ही त्याच्याकडेच प्यायला पाणी मागितलंत, तो घेऊन आला, आणि आपण निघालो. गाडीत मी तुमच्यावरच चिडलो होतो, इतक्या लवकर आवरलंत म्हणून. तुम्ही नुसतं म्हणालात, "न्हाय म्हणायची मोकळीक पायजे रं माणसाला." त्या दिवशी मला तो नुसता भित्रेपणा वाटला. मी तसं बोललोही. त्याची माफी राहिली आहे, ती आता मागतो.

आता बातमी. गेल्या रविवारी दुपारी निपाणीला तुमच्या अंगणात स्मरणसभा ठेवली होती. तुम्ही वहिनींना सांगून ठेवलं होतंत म्हणे, माझ्यावर भाषणं नकोत, कीर्तन करा. मिरजेकडचे एक कीर्तनकार यायचे होते. मांडव भरला, दानिएलने तबला लावून ठेवला, मी पेटी पुसून बसलो, आणि फोन आला की कीर्तनकारांना ताप भरलाय, ते निघूच शकत नाहीत. पाळकसाहेब म्हणाले, मी प्रार्थना करतो आणि संपवू. तेवढ्यात वहिनी पुढे आल्या आणि माझ्याकडे बघून म्हणाल्या, "परशराम, तुमीच करा."

मी म्हणालो, "वहिनी, मी तुमच्यातला न्हाय."

"आन मग तीस वर्सं कुणाचं ऐकत बसलासा?"

तुमचं उपरणं त्यांनीच माझ्या गळ्यात घातलं. फेटा नको म्हणालो, तो मला पेलला नसता. पेटी तशीच राहिली, वाजवायला कुणी नव्हतं. मी उभा राहिलो आणि मला कळलं की माझे हात रिकामे आहेत. ते कुठे ठेवायचे ते मला माहीत नव्हतं. आणि समोर चेहरे. अण्णा, तीस वर्षं मी तुमची पाठ बघितली, अंगरख्यावरची घामाची ओल बघितली. लोक तुमच्याकडे कसे बघत होते ते मला कधी दिसलंच नव्हतं. तुमच्या शेजारची ती विडीकामगार म्हातारी, डेपोतले लोक, चर्चची माणसं, माझ्या मंडळातले चौघं, सगळे माझ्या तोंडाकडे बघत होते. आणि तोंड उघडलं तेव्हा जे सवयीचं होतं तेच बाहेर पडलं. हात जोडले आणि खणखणीत आवाजात म्हणालो, "रामकृष्ण हरी."

दानिएलचा हात तबल्यावर तसाच. माझ्या कानशिलातून वाफ निघत होती, जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. आणि मागून माझ्या मंडळातल्या चौघांनी, सवयीनेच, एका सुरात उत्तर दिलं, "रामकृष्ण हरी." विडीवाल्या म्हातारीनेही हात जोडले. मग पहिल्यांदा कोण हसलं सांगू? वहिनी. तुम्ही गेल्यापासून त्या हसल्या नव्हत्या. तोंडाला पदर लावून हसल्या, मग पाळकसाहेब हसले, मग सगळा मांडव. पाळकसाहेब म्हणाले, "चालू द्या, परशराम. आता येशूचं नाव घ्या." माझी भीती तिथेच गेली.

मी चार दोस्तांची गोष्ट लावली. शब्द येत होते, अण्णा, तुमचेच येत होते, साकी आठवत होती, दिंडी आठवत होती. गळा तुमच्यासारखा नाही, पण दानिएलने सांभाळून घेतलं. कौलं काढली. बाज खाली सोडली. आणि क्षमेच्या जागी आलो तेव्हा मी अडखळलो. त्या जागी माझी बोटं पेटीवरही नेहमी चुकायची, आठवतं? तुम्ही मागे वळून बघायचात, आणि काही बोलायचा नाहीत. कसंबसं ते वाक्य म्हणालो. मग माणसाला बाजेवरून उठवलं, चालवलं, घरी पाठवलं. इथे तुम्ही भैरवी धरायचात. पण माझ्या तोंडात तीस वर्षांचा प्रश्न होता, आणि आता इचारू नगंस म्हणायला कुणी नव्हतं. मी सरळ लोकांनाच विचारलं, "मंडळी, सगळं झालं. पण त्या घराची कौलं कुणी बसवली?"

सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी पण उत्तराची वाट बघत उभा होतो, कारण मला ते माहीत नव्हतं. आणि ते आलं. आतून आलं, अण्णा, मी जुळवलं नाही. मी म्हणालो, तो माणूस बाज खांद्यावर टाकून घरी गेला. बाज भिंतीला लावली. आईने पोटाशी धरलं, बायकोने भाकरी वाढली. आणि तो म्हणाला, थांब, आलो. शेजाऱ्याची शिडी मागितली, ती खांद्यावर घेतली, आणि त्याच घरी परत गेला. जो सकाळी बोटसुद्धा हलवू शकत नव्हता तो छपरावर चढला आणि एकेक कौल नीट बसवत गेला. घरवाला खालून म्हणाला, असू दे रं, आम्ही बघतो. तो वरून म्हणाला, मला करू द्या, माझ्यासाठी निघाल्यात ही. आणि रस्त्याने जाणारा प्रत्येक जण थांबून विचारायला लागला, हा वर कोण, हा तर लुळा होता, याला काय झालं? तो कौलं बसवत बसवत सांगत राहिला.

मग मी काय म्हणालो मला आठवत नाही. वहिनी सांगतात की मी दहा मिनिटं आणखी बोललो आणि भैरवी चक्क वरच्या पट्टीत धरली. पाळकसाहेब नंतर म्हणाले की शास्त्रात असं काही लिहिलेलं नाही. मी म्हणालो, पण नाही असंही लिहिलेलं नाही ना? ते म्हणाले, नाही, आणि डोळे पुसत आत गेले. अण्णा, तुम्ही असतात तर मला कडकडून मिठी मारली असतीत, आणि दुसऱ्या दिवशी ते उत्तर आपलंच म्हणून कुठेतरी सांगितलं असतंत. घरी येऊन बायकोला सांगितलं तर ती म्हणाली, "बरं झालं. आता तरी कौलांचं बोलणं थांबवा." मी थांबवलेलं नाही. कामावर फौंड्रीत, वेशीत, मंडळात, भेटेल त्याला सांगत सुटलोय. गुरुवारी भजनाला पेटीवर बसलो, तिथेही सांगितलं. म्हातारे सदस्य म्हणाले, गोष्ट चांगली आहे.

पण त्या संध्याकाळी मांडव सोडताना वहिनींनी चहा दिला आणि मी भांडण काढलं. तुम्ही नव्हता म्हणून त्यांच्याशी काढलं. म्हणालो, वहिनी, अण्णांनी सगळ्या जगाला विचारलं. घ्याल का हे तारण, म्हणून अनोळखी लोकांपुढे हात जोडले. मी काय कमी होतो? का पेटीवाल्याला आत्मा नसतो?

वहिनी म्हणाल्या, "बसमधी त्यांनी कधी कुणाला एक शब्द सांगितला न्हाय, ठावं हाय का तुमाला? तिकीट काढल्यालं माणूस चालत्या गाडीतनं उतरणार कसं, म्हणायचं. ज्याला उठून जाता येतंय त्यालाच सांगायचं. तुमी पेटीवर. तुमी उठलासा की कीर्तन मोडलं. म्हणून भिडेखातर व्हय म्हणाला असतासा. भिडेचं व्हय त्यांना नको होतं."

"आणि चहा पिताना? चहा पिताना मी कुठं पेटीवर होतो?"

"चहा आमच्या घरचा होता न्हवं. आमचा चहा पिऊन तुमी न्हाय कसं म्हणणार?" त्यांनी कप उचलले. "रोज सकाळी प्रार्थनेत तुमचं नाव असायचं. पेटीवाला परशराम असं न्हवं. नुसतं परशराम."

मला राग आला, अण्णा. खरं सांगतो. निपाणीपासून काकतीपर्यंत गाडीत मी तुमच्याशी मनात कडाकडा भांडत आलो. ही कसली सभ्यता? कारण मला सांगायचं होतं. तुम्ही एकदा विचारलं असतंत तर मी सांगितलं असतं की क्षमेच्या ओळीला माझी बोटं का चुकतात. तुमच्या-माझ्या भेटीच्या आदल्या वर्षी खानापूरला भजनस्पर्धा होती. घरून निरोप आला होता की वडिलांचं जास्त झालंय, लगेच ये. मी निरोप खिशात ठेवला आणि बक्षीस वाटप होईपर्यंत बसून राहिलो. पहिला नंबर आला. घरी पोहोचलो तेव्हा त्यांना अंगणात घेतलं होतं. सगळ्यांना सांगितलं, निरोप उशिरा मिळाला. बायकोलाही तेच सांगितलं. आजपर्यंत तेच चालत आलं आहे.

तर आज सकाळी मी पुन्हा निपाणीला गेलो. पेटी नेली नाही. चर्चमध्ये मागच्या बाकावर, दाराजवळ बसलो. मला कुणी बोलावलं नव्हतं, कुणाचा चहा घेतला नव्हता, आणि मी उठलो असतो तर कशाचाही खोळंबा झाला नसता. उपासना चांगली दीड तास चालली. दोनदा मनात आलं की निघावं, सव्वाअकराची गाडी मिळेल. गाडी गेली आणि मी तिथेच होतो. मी तुमच्यात आलो का, ते मला अजून सांगता येत नाही. बायको विचारेल, मंडळ विचारेल, तेव्हा जे खरं असेल ते सांगेन. पण मी तिथे माझ्या मर्जीने बसलो होतो.

संपल्यावर वहिनी पायऱ्यांवर चपला शोधत होत्या. मला बघून त्यांनी फक्त एवढंच म्हटलं, "उन्हातनं आलासा व्हय, जेवून जावा." मी म्हणालो, जेवतो, पण आधी जरा बसा. तिथेच पायरीवर बसलो आणि त्यांना खानापूरचं सगळं सांगितलं, खिशातल्या निरोपासकट. अण्णा, मला कुणीही विचारलं नव्हतं.